उघडी भांडी

वाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर ठिगळ खातं होतं. गाण्याच्या व्हिडिओत जे दिसू नये ते दिसलं, की त्यावर एक धुरकट चौकोन बसवायचा. त्याला सगळे ठिगळ म्हणायचे. ठिगळ लावणाऱ्या चौघांत सगळ्यात जुनी म्हणजे ताई. एकोणीस वर्षं तिनं परक्या लोकांच्या कमरा झाकल्या होत्या, आणि कुणी विचारलं काय करतेस, तर ती सरळ "शिवणकाम" म्हणून मोकळी व्हायची.

एका सोमवारी वरून परिपत्रक आलं. ‘यापुढे कोणत्याही गाण्यात उघडी भांडी दाखवू नयेत.’

टंकलेखकानं ‘म’च्या जागी ‘भ’ मारलाय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणायची होती मांडी, झाली भांडी. पण खाली साहेबांची सही होती, आणि सही झाली की चूकसुद्धा धोरण होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पातेल्यांवर ठिगळं चढवायला घेतली.

मांड्या मोकाट सुटल्या. नाचणाऱ्या पोरी कशाही नाचोत, मागच्या ओट्यावर एखादी बिनझाकणाची कढई तर नाही ना, एवढंच ताईनं बघायचं. चहाची किटली पास झाली, कारण तिला झाकण होतं. चमचा भांड्यात मोडतो की नाही, यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत चहा ढवळायला चमचा मिळाला नाही.

महिन्याभरात लोकांना खरंच काहीबाही वाटायला लागलं. झाकलं की नेमकी तिथंच नजर जाते, हा माणसाचा जुना रोग. मुलांसमोर पातेली बघवत नाहीत, अशी पत्रं येऊ लागली. ताईच्या शेजारच्या काकू तर घासायच्या भांड्यांवर टॉवेल पसरायला लागल्या. ताई घरी येऊन पोट धरून हसायची.

तिचं हसू थांबलं ते बाबांच्या गाण्यापाशी.

ताईचे बाबा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आयुष्यभर स्वयंपाकी होते. हातात डाव आला की भांडी वाजवायचा त्यांना नाद, आणि त्यापायी त्यांनी चाळीस वर्षं बोलणी खाल्ली होती. आता बहात्तराव्या वर्षी एका तरुण गायिकेनं त्यांचं वाजवणं ऐकलं आणि त्यांना थेट आपल्या व्हिडिओत बसवलं. बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. रविवारी दुपारी चार वाजता गाणं लागणार म्हणून अख्ख्या इमारतीला आमंत्रण गेलं, नवा शर्ट शिवायला पडला.

"जन्मभर ‘आवाज बंद कर’ एवढंच ऐकलं गं," ते ताईला म्हणाले. "एकदा तरी लोक माझं ऐकायला बसणार."

बुधवारी तो व्हिडिओ ताईच्याच टेबलावर आला. बाबांपुढे अकरा भांडी, अकराच्या अकरा उघडी. नियमानं ठिगळं लावली तर पडद्यावर बाबांचं टक्कल तेवढं उरणार होतं. ताई उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, त्या परिपत्रकात ‘भ’चा ‘म’ करायला हवा."

साहेबांनी चष्मा काढला. "दोन महिने झाले. आत्ता सांगताय?"

"घाबरत होते."

"मग आज काय झालं?"

"आज माझे बाबा आलेत, साहेब. पातेली घेऊन."

साहेबांनी उठून दार लावलं. "आमची ही मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दार वाजवून, खाकरून जावं लागतं."

दुपारी शुद्धिपत्रक निघालं. ‘भांडी’ऐवजी ‘मांडी’ असे वाचावे. ताईला आभाळ ठेंगणं झालं. मग तिनं खालची ओळ वाचली. दुधानं तोंड पोळलेले साहेब आता ताकही फुंकून पीत होते. नसती भानगड नको म्हणून त्यांनी ‘उघडी’ हा शब्दच गाळला होता. कोणतीही मांडी, कोणत्याही अवस्थेत, दिसता कामा नये.

आणि बाबा मांडी घालून बसले होते. वर सगळ्यात मोठं पातेलं मांडीत घेऊन.

"साहेब, पँट घातलीय हो त्यांनी!"

"पँटच्या आत काय आहे?"

"मांडी."

"मग?" साहेबांचा आवाज रडवेला झाला. "ताई, तिसरं परिपत्रक काढलं तर मलाच झाकतील. ठिगळ लावा, नाहीतर गाणंच अडकेल."

तीन दिवस ताई त्या चार मिनिटांपुढे बसली. एकेक चित्र थांबवून, बाबांच्या हातांना धक्का न लावता, जमेल तेवढं लहान ठिगळ तिनं लावलं. एवढ्या मायेनं तिनं कुणालाच झाकलं नव्हतं.

रविवारी चार वाजता खोलीत बावीस माणसं दाटीवाटीनं बसली. गाणं लागलं. दहा भांडी लखलखत होती. बाबांच्या कमरेखाली मात्र धुरकट चौकोन, आणि त्यांचे दोन्ही हात जोरजोरात त्या चौकोनात जात होते, बाहेर येत होते. चेहऱ्यावर ब्रह्मानंद.

"अगंबाई, हे काय करताहेत?" शेजारच्या काकू पुटपुटल्या.

"अहो, पातेलं आहे ते!" बाबा ओरडले.

पातेलं म्हटल्यावर तर काकूंनी नातीचे डोळेच झाकले. गाणं संपलं तशी माणसं चहाला न थांबता, खाली बघत एकेक करून निघून गेली. वाजवण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाबा नव्या शर्टात तसेच बसून राहिले.

"कुणी ऐकलंच नाही गं," ते म्हणाले.

माफी मागायला ताई जवळ बसली, पण तोंडातून भलतंच निघालं. "तिसऱ्या कडव्यात तुमचा डावा हात मागे पडलाय, बाबा."

बाबांनी मान वर केली. "कुठं?"

"कढईवरून पातेल्यावर येताना. अगदी किंचित. पण पडलाय."

"काहीतरीच!" बाबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. "मागे पडला नाही, मुद्दाम थांबवलाय मी तो. आण ते मोठं पातेलं. आण, आण! आणि बस इथं समोर, ऐक नीट."