चाळीस मिनिटांचा ढग

सात वर्षं त्या दोघांनी एकमेकांना फक्त फोनवर ऐकलं होतं.

ती वीज-नियंत्रण केंद्रात शिफ्टला असायची. समोर भिंतभर पडदा, त्यावर आकडे: कोळसा किती, धरण किती, वारा किती, सूर्य किती. लोक जेवढी वीज वापरतात तेवढीच त्याच क्षणी तयार व्हायला हवी. कमीजास्त झालं की पडद्यावरचा विजेच्या वारंवारतेचा पन्नासचा आकडा डळमळायचा. तो दीडशे किलोमीटरवरच्या औष्णिक केंद्रात शिफ्टप्रमुख होता. ती सांगेल तसं त्यानं वीज वाढवायची, कमी करायची. ती त्याला सावकाशदादा म्हणायची, तो तिला घाईताई. दोन्ही नावं अगदी तोंडावर.

एका दुपारी सौरप्रकल्पावर ढग आले आणि सूर्याचा आकडा दहा मिनिटांत निम्म्यावर घसरला. धरणाचं पाणी मिनिटाभरात मदतीला येतं, पण तेव्हा धरणच तळाला गेलं होतं. तिनं फोन उचलला.

"दादा, ऐंशी मेगावॉट वाढवा. आत्ता."

"चाळीस मिनिटं लागतील."

"चाळीस? बॉयलर आहे की रुसलेला जावई?"

"एकदा येऊन बघा ताई, मग बोला."

त्या दुपारी दोन उपनगरांची वीज तिला बंद करायला लावावी लागली. घरी गेली तरी ते 'येऊन बघा' तिच्या डोक्यातून जाईना. चाळीसच का? पुस्तकं पाठ होती, पण ज्या आगीवर ती सात वर्षं हुकूम सोडत होती ती तिनं कधी पाहिलीच नव्हती. पुढच्या सुट्टीला तिनं बस पकडली.

फोनवरच्या खर्जातल्या आवाजावरून तिनं कुणीतरी धिप्पाड माणूस गृहीत धरला होता. फाटकात उभा होता तो चणीनं एवढासा, हेल्मेट कानांवर घसरलेलं.

"तुम्हीच?"

"आवाज भाड्यानं आणलाय," तो म्हणाला.

त्यानं आधी गिरणी दाखवली. तिथे दळलेल्या कोळशाची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखी मऊ. ती हातावरच्या रेषांत जाऊन बसली. मग बॉयलरच्या भिंतीतल्या छोट्या झरोक्यापुढे त्यानं निळी काच धरली. ती वाकली. ज्वाळा अशा दिसल्याच नाहीत. चार मजली खोली भरून नुसता उजेड गरगरत होता.

"वाफेच्या टाकीचं पोलाद चार बोटांहून जाड आहे," तो म्हणाला. "घाई केली तर आतून तापतं, बाहेरून मागे राहतं. तडा गेला की महिनाभर बसा."

"दिवसाला कोळसा किती लागतो?"

"एका बॉयलरला तीन हजार टन."

"आणि राख?"

त्यानं तिला जीपमध्ये बसवलं. केंद्रामागे नजर पोचेल तिथवर करडं मैदान पसरलं होतं. राख उडू नये म्हणून त्यावर पाण्याचे फवारे चालू होते.

"तीस वर्षं मी हेच केलं," तो म्हणाला. "जाळला तो कोळसा संपला. ही कुठे जात नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आता माझा प्रश्न. तुमच्या सूर्याला ना धूर, ना राख. मान्य. पण जायच्या आधी तो सांगत का नाही?"



"सांगत असेल," ती म्हणाली. "आम्ही कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं सौरप्रकल्पाला फोन लावला. तिथला इंजिनिअरही बंद खोलीत पडद्यासमोरच बसलेला. तो म्हणाला, पॅनल धुणाऱ्या मावशींना विचारा. पाऊस आला तर धुणं वाया, म्हणून ढग बघूनच त्या कामाला हात घालतात.

मावशींनी लगेच सांगितलं, "पश्चिमेच्या डोंगरावर ढग बसला की पाऊण तासात इथे."

ढग बसला की मावशींनी तिला फोन करायचं ठरलं. पहिल्याच वेळी फजिती झाली. मावशींचा फोन आला, दादानं साठ मेगावॉट चढवले आणि ढग भलतीकडेच निघून गेला.

"उतरवा, दादा."

फोनवर लांब श्वास ऐकू आला. "एवढा कोळसा फुकट जाळला की हो ताई!"

तिनं मावशींना पुन्हा गाठलं. "वळतो कधीकधी," मावशी शांतपणे म्हणाल्या. "डोंगराच्या डाव्या अंगाला बसला तर वळतो. ते तुम्ही कुठे विचारलंत?"

त्यानंतरच्या वेळी ढग उजवीकडे बसला होता. सूर्य घसरायला लागला तेव्हा कोळशाचा आकडा वर येऊन तयार होता. पन्नासचा आकडा किंचित हलला आणि जागेवर बसला. शहरात कुणाचा पंखासुद्धा मंदावला नाही. तिनं पडद्याकडे बघत अख्खा कप चहा गरम असताना प्यायला.

महिनाभरानं सावकाशदादानं रजा टाकली. त्याला सौरप्रकल्प बघायचा होता. तीही बरोबर गेली. पॅनलच्या निळ्या रांगांमध्ये तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला.

"बंद आहे का हे?"

"चालू आहे. पुरेपूर," मावशी लांब दांड्याचा ब्रश फिरवत म्हणाल्या.

"मग आवाज?"

"कसला आवाज?"

तो गोंधळला. "आणि रात्री काय करतं?"

"झोपतं. तुमचं नाही झोपत?"

"नाही हो. झोपवलं तर उठवण्यात दिवस जातो."

घरात तान्हं मूल असलेल्या माणसाकडे पाहावं तसं मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. पण तो पुढच्या रांगेकडे निघालासुद्धा होता. धूळ किती दिवसांनी बसते, पाणी कुठून आणता, ब्रश कसला? मावशी उत्तरं देत त्याच्या मागे चालल्या. परतीची बस निघून गेली, तरी त्याचं विचारणं चालूच होतं.