दुसरी घागर

“झोका ग्या आभायले, माहेर दिसनं माले…”

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मोहिनीला माहेरचं कुणी न्यायला आलं नव्हतं. तेव्हा सासूनेच, बेबाबाईने, तिला निंबाच्या झोक्यावर बसवलं आणि मागून झोके देत हे गाणं म्हटलं. तोच आवाज आज मोहिनीला धुळ्याच्या तुरुंगाच्या दाराशी ऐकू येत होता. उद्या आखाजी होती. आज तिचा नवरा भिकन सुटला.

“माय काबर नही उनी?” बाहेर येताच आईला शोधत त्याने विचारलं.

“ऊन शे ना,” ती म्हणाली.

नरडाण्याच्या एका कारखान्यातून त्याने दोन किलो तांब्याची तार उचलली होती. शिक्षा तीन महिने आणि पाच हजार दंड. दंड नाही भरला तर आणखी दोन महिने. मोहिनी गळ्यातली पोत विकून दंडाचे पैसे घेऊन मुलाखतीला आली, तेव्हा जाळीपलीकडून तो म्हणाला होता, “माय खोकस. पहिले तिले दवाखानामां घाल. मी काढी लिसू दोन महिना.”

तिने घातलं. सहाव्या दिवशी बेबाबाई गेली. भिकनचा चुलतभाऊ वना याने अग्नी दिला. पैसे दवाखान्यात संपले होते. सांगून भिकन काही बाहेर येणार नव्हता, आत नुसता भिंतीवर डोकं आपटला असता. म्हणून दर मुलाखतीला तो विचारायचा, “माय जेवस ना?” आणि ती म्हणायची, “जेवस.”

“हितेंद्र नावना पोऱ्या व्हता,” चालता चालता भिकन सांगत होता. “त्यानीबी मन्हासारखीच चोरी. बापनी दंड भरा, तो तीन महिनामांच घर गया. मी तीन महिना तांबाना काढा नि दोन महिना रिकामा खिसाना!” तो हसला. “जाऊ दे. माय तर वाचनी.”

मोहिनीचे पाय थांबले. समोर कुंभाराने घागरी मांडल्या होत्या. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. जेवढी माणसं गेलेली, तेवढ्या घागरी. सासऱ्याची, आबाची, एक दरवर्षी बेबाबाईच निवडायची, बोटाने वाजवून. मोहिनीनेही एक वाजवली, बाजूला ठेवली. मग दुसरी उचलली.

“कोना नावनी, बाई?” कुंभाराने सवयीने विचारलं.

“आबानी,” भिकन मध्येच बोलला. “पन दोन कशाले वं? आबाले जित्तेपणी अर्धा तांब्या पुरे. आते काय तहान वाढनी का?”

कुंभार हसला. मोहिनी हसली नाही. ती दुसरी कोरी घागर पोटाशी धरून उभी राहिली. भिकनचं हसू हळूहळू विझत गेलं. त्याने घागरीकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या गळ्याकडे, मग पुन्हा घागरीकडे.

“मोहिनी… घर कोन शे?”

तिने घागर त्याच्या हातात दिली.

“कोनीच नही. ही मायनी शे.”