बळीराम बोलला त्या रविवारी

प्रेमलाबाई शेंडे भिलाईच्या टाउनशिपमधल्या शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता दुपारची झोप लागेल. ती काही लागली नाही. क्वार्टर सोडून त्या आणि त्यांचे पती श्यामराव दुर्गला, पद्मनाभपुरात स्वतःच्या घरात राहायला गेले. चार महिने होतात न होतात तोच बाईंनी भिलाईच्या सेक्टर पाचातल्या एका लहानशा सभागृहात महिन्यातला एक रविवार मागून घेतला. दुपारी चारला एक माहितीपट, मग चहा, मग चर्चा. विषय महागाई, खासगीकरण, निवडणुका, नोकऱ्या. येणारे बहुतेक विदर्भातून येऊन इथेच निवृत्त झालेले अधिकारी आणि कारकून, दोन-तीन प्राध्यापक, युनियनमधले एक-दोन जुने लोक. कोणी आकडे घेऊन यायचं, कोणी कात्रणं. चर्चा रंगायची, आणि त्यातून एक मंडळच उभं राहिलं.

एकच गोष्ट बाईंना डाचायची. ठेका कामगारांवर तास-तास बोलणाऱ्या त्या खोलीत ठेका कामगार एकही नसायचा.

म्हणून त्यांनी बळीराम कापगतेला बोलावलं. त्यांच्या नव्या घराच्या खिडक्यांना ग्रिल त्यानंच बसवली होती. मूळचा साकोलीकडचा, जामुलला राहायचा, औद्योगिक क्षेत्रातल्या एका खासगी कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होता. सुटीच्या दिवशी बाहेरची कामं करायचा.

"म्या तिथं येऊन काय करू, मॅडम?" तो म्हणाला होता. "मोठे लोकं बोलतेत तिथं."

"ऐकायले या. चहा तर भेटेल."

फेब्रुवारीतल्या रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको कौशल्या. दोघं मागच्या रांगेत बसली. माहितीपट दूरच्या एका बंदरावरच्या हमालांचा होता. तो संपल्यावर एक निवृत्त अधिकारी उठले आणि म्हणाले, की भावनेत वाहून जाण्यात अर्थ नाही, उत्पादन वाढलंय, अपघात कमी झालेत, आकडे उघड आहेत.

मागून बळीरामचा हात वर झाला. बाईंनी सवयीनं मान हलवून त्याला बोलायला सांगितलं आणि मोबाईल त्याच्याकडे वळवला. प्रत्येक चर्चेचं थोडंसं चित्रण त्या करून ठेवायच्या.

"साहेब, अपघात कमी नाई झाले," बळीराम उभा राहत म्हणाला. "लिहिनं कमी झालं."

कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

"आमचा नत्थू होता. मागच्या पोळ्याच्या हप्त्यात शेडवर पत्रे बदलून राहिला होता. पट्टा नाई, जाळी नाई. खाली आला तो गेलाच. सकाळी माह्या गाडीवर मागं बसून आलता तो. गेटवर दोघायनं संगच सही केली. संध्याकाळी रजिस्टरचं ते पानच नव्हतं. म्हनते, तो ड्यूटीवर नव्हताच, कोनाले तरी भेटायले आलता आन् बाहेर पडला. त्याची बायको नीतू कोर्टात गेली. गवाह कोनी नाई. म्याबी नाई गेलो. आज कावून बोलून राहिलो, मले नाई माहीत."

तो बसला. टाळ्या वाजल्या. ते अधिकारी उठून मागं गेले आणि त्यांनी बळीरामचा हात हातात घेतला. बाईंचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण जे करतोय त्याला काही अर्थ आहे. घरी जाण्याआधी, सभागृहाच्या पायऱ्यांवरच, त्यांनी तो व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. वर लिहिलं: आजची खरी चर्चा.

गटात त्रेसष्ट माणसं होती. बळीराम त्यात नव्हता. त्याला विचारावं, हे बाईंच्या मनातही आलं नाही.

बुधवारी सकाळी कौशल्याचा फोन आला.

"मॅडम, आमच्या यायले गेटवरूनच परत पाठवलं जी. पास बंद झाला म्हनते. कोन्या तरी व्हिडिओची गोष्ट करून राहिले. आमाले तर काहीच माहीत नाई. तुमाले माहीत हाय का?"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच पाठवला."

कौशल्या म्हणाली, "बरं," आणि फोन बंद झाला.

बाईंनी गटावरचा व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. त्यांच्या भाचीनं तो त्यांनाच रायपूरहून पाठवला, 'मावशी, हे बघ भिलाईचं' असं लिहून. श्यामराव खुर्चीत बसून सगळं बघत होते.

"तुम्हाले विचारलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?" बाईंनी विचारलं.

श्यामरावांनी चष्मा काढला. "मीबी पाठव म्हटलं असतं."

पुढचे अठरा दिवस बाई स्कूटर घेऊन फिरल्या. युनियनमधले ओळखीचे गृहस्थ म्हणाले, तो कारखाना खासगी आहे, आमचा तिथे शिरकाव नाही. लेबर ऑफिसात एका सभ्य माणसानं सांगितलं, की तक्रार घेतो, पण ती कामगारानं स्वतः सही करून द्यायला हवी. बळीराम सही करायला तयार नव्हता. हात हातात घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा मेहुणा त्याच कारखान्याला माल पुरवायचा, ते म्हणाले, "मॅडम, मी बोललो तर उलटंच होईल." मंडळाची तातडीची बैठक झाली. निषेधाचं पत्रक काढायचं ठरलं. मग 'तीव्र निषेध' लिहायचं की 'चिंता' यावर तासभर वाद झाला, आणि कारखान्याचं नाव घालायचं नाही यावर एकमत झालं. पत्रक निघालं तेव्हा ते वाचून कोणालाही कळलं नसतं, की ते कशाबद्दल आहे.

दरम्यान बळीराम रोज जेवणाचा डबा घेऊन निघायचा आणि कारखान्यांच्या गेटांवर उभा राहायचा. वेल्डर सगळ्यांनाच हवे होते. नाव ऐकलं की मोबाईल काढून बघायचे आणि म्हणायचे, "अच्छा, तू वही है."

एकोणिसाव्या दिवशी त्यानं स्वतः बाईंना फोन केला. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं, राजदीपनं, त्याला सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका हॉटेलात बोलावलं होतं. "तुमीबी या," एवढंच तो म्हणाला.

राजदीप तिशीतला, नम्र मुलगा होता. बाई दिसताच खुर्चीवरून उठला आणि तिघांसाठी डोसे मागवले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मैडम, मेरे हाथ में कुछ नहीं है. ऊपर से बोला गया है. छोटा सा वीडियो चाहिए, कि उस दिन जो कहा वो सुनी-सुनाई बात थी. फिर कल से पास चालू."

"हे खोटं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत आहे."

राजदीपनं खाली पाहिलं. "नत्थू भैया ने मुझे काम सिखाया था, मैडम."

डोसे आले. कोणी हात लावला नाही. बळीराम म्हणाला, "काढा व्हिडिओ."

"बळीरामभाऊ, तुम्ही खरं बोलला होता."

"हाव. खरं हाय ते सगळ्यायलेच माहीत हाय. माहीत असून काय झालं?" तो चिडला नव्हता, नुसता दमला होता. "घरी दोन पोरी हायेत, मॅडम. मोठीची बारावी हाय."

"आणि नीतूची केस?"

बळीराम उठला आणि पार्किंगकडच्या मोकळ्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. राजदीपनं त्याला लिहून आणलेला कागद वाचायला दिला आणि आपला मोबाईल काढला, तेव्हा बळीरामनं हात आडवा केला.

"मॅडम काढतीन. त्या समोर असल्या म्हंजे मले बोलता येते."

बाईंना नाही म्हणता आलं असतं. पुढे कित्येक दिवस त्या स्वतःला तेच सांगत राहिल्या, की आपल्याला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणून त्या माणसाला काय देणार होत्या? त्यांनी राजदीपचा मोबाईल धरला.

पहिल्यांदा तो अडखळला. "नत्थू मेरे साथ..." म्हणाला आणि थांबला. राजदीप म्हणाला, "भैया, फिर से." दुसऱ्या वेळी त्यानं शाळेतल्या पोरासारखं सरळ उभं राहून सगळं म्हटलं: मैंने जो कहा वो गलत था, नत्थू उस दिन ड्यूटी पर नहीं था, मुझे लोगों ने बोलने को कहा था. चाळीस सेकंद. शेवटचं वाक्य राजदीपच्या कागदावर नव्हतं. ते बळीरामनं आपल्या मनानं घातलं की त्याला आधी कोणी फोनवर सांगितलं होतं, हे बाईंनी कधीच विचारलं नाही.

पास चालू झाला. पाच आठवडे तो कामावर गेला. मग ठेका दुसऱ्याला मिळाला, आणि नव्या ठेकेदाराच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मे महिन्यात तो एकटाच नागपूरकडे बुटीबोरीला गेला, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये. कौशल्या पोरींना घेऊन जामुललाच राहिली. बाई दोनदा भेटायला गेल्या. तिनं पाणी दिलं, बसायला दिलं, पोरींच्या अभ्यासाचं तेवढं सांगितलं.

तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ कामगार न्यायालयात दाखवला गेला, हे बाईंना जूनमध्ये कळलं. त्या नीतूच्या वकिलाकडे गेल्या, म्हणाल्या, मी साक्ष देते, मी माझ्या कानांनी ऐकलंय, दुसरा व्हिडिओही मीच काढलाय. वकिलानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही नत्थूला पडताना पाहिलं?"

"नाही."

"मग तुम्ही काय सांगणार? दुसऱ्यानं सांगितलेलं. तेही त्यानं मागे घेतलेलं."

पुढच्या तारखेला बाई तरीही दुर्गच्या कोर्टात गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर नीतू बसली होती. पंचविशीची, बारीक, मांडीवर कागदांची पिशवी. बाईंनी नाव सांगितलं. रात्रभर जुळवून ठेवलेली वाक्यं तोंडात आली नाहीत. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाल्या.

नीतूनं बाजूला सरकून बाईंना जागा केली.

"बळीरामभाऊनं मले आदल्या दिवशीच फोन केलता," ती म्हणाली. "उद्या मले असं असं बोला लागन म्हने. लय रडला. म्या म्हटलं, बोला भाऊ. नत्थू तं वापस येत नाई, आन् तुमच्या पोरी हायेत."

"तू हो म्हटलंस?"

"मंग काय म्हनू?"

आत कुठल्या तरी दुसऱ्या केसचा पुकारा झाला. उकाडा होता, नीतू कागदांच्या पिशवीनंच वारा घेत होती. दोन तासांनी शिपाई बाहेर आला, म्हणाला, साहेब सुटीवर आहेत, पुढची तारीख सप्टेंबरमध्ये, एकवीस.

नीतूनं मोबाईलमध्ये तारीख टाकली. उठताना तिनं बाईंकडे पाहिलं.

"तुमी येजा त्या दिवशी. सोबत कोनी बसलं तं बरं वाटते."

"येईन," बाई म्हणाल्या.