‘ड’वरून नाव आणि माझी राहिलेली साडी

मी राघू बोलतोय. माझ्याइतकं फाडफाड इंग्रजी बोलणारा दुसरा पक्षी अख्ख्या कोरेगाव तालुक्यात सापडायचा नाही. आता दुसरे पक्षी इंग्रजी बोलतच नाहीत, ही गोष्ट वेगळी. आणि माझंही इंग्रजी म्हणजे दोनच शब्द. एक ‘गेट आऊट’, तो शाळेत शिकलो. दुसरा म्हणजे एक अमेरिकन नाव. त्या नावापायी एका बाईच्या पाठीत गुद्दे बसले आणि एक घर फुटता फुटता राहिलं. तेवढं सांगतो आणि गप्प बसतो. गप्प बसतो म्हणालो ते खोटं आहे, पण सांगतो हे खरं.

माझा जन्म वसना नदीच्या काठावर, एका जांभळाच्या ढोलीत झाला. पंख फुटायच्या आतच एका गुरुजींनी मला उचलून नेलं आणि पिंजरा चौथीच्या वर्गाच्या खिडकीला टांगला. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. इथवर आलं की मधल्या सुट्टीची घंटा व्हायची आणि पोरं पळायची. त्यामुळं आठाच्या पुढं जगात काही असतं यावर माझा आजही विश्वास नाही.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, पाहुण्यांशी कुणीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, “गेट आऊट!” माझं शिक्षण तिथंच संपलं.

गुरुजींनी मला त्यांच्या मित्राच्या गळ्यात घातलं. हे मित्र म्हणजे सुभेदार हंबीरराव. पलटणीतून पेन्शनीत आलेले, मिशा अजून ड्यूटीवर. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तुळईच्या कडीला माझा पिंजरा लागला आणि माझ्या आयुष्याला खरी मजा आली. कारण शाळेत मास्तर एकच, इथं आवाज तऱ्हेतऱ्हेचे. मी कुकरची शिट्टी शिकलो. सूनबाई विजयमाला गॅस बंद करायला धावायची, कुकर अजून मांडणीवरच. मी टेलिफोनची घंटा शिकलो. मुलगा मानसिंग उसाच्या सरीतून चिखलाचे पाय घेऊन पळत यायचा आणि “हॅलो, हॅलो” करत बसायचा. मी “सावधान!” शिकलो. त्यावर खुद्द सुभेदार ताटावरून उठून उभे राहिले, घास तोंडात.

“मुडदा बशीवला ह्या पाखराचा!” असं सगळेच म्हणायचे. पण पेरूची पहिली फोड मलाच यायची. माणसांचं असंच असतं. ज्याला शिव्या देतात त्यालाच खाऊ घालतात, आणि ज्याला ‘अहो’ म्हणतात त्याला चहासुद्धा विचारत नाहीत.

असो. शहाण्णव सालची गोष्ट. विजयमालेला मुलगा झाला. थोरली मुलगी प्रियदर्शनी होतीच. मुलगा दिसायला गोरा, गोल आणि अखंड रडका. जोशीबुवा आले, पंचांग उघडलं, बोटं मोजली.

“पुष्य नक्षत्र. शेवटचं चरण. अक्षर ड.”



“ड?” मानसिंग म्हणाला. “ड वरनं पोराचं काय नाव आसतंय, बुवा?”

“ते तुम्ही शोधायचं. काना-मात्रेचं मी चालवून घेतो,” म्हणून बुवा चहा पिऊन निघून गेले.

मग जो तो डोकं खाजवायला लागला. डबा, डफ, डास, डोंगर, डांगर, डमरू. मानसिंग म्हणाला, “पाळण्यातलं नाव ड वरनं ठिवू, हाक मारायचं दुसरं ठिवू. समदी तसंच करत्यात.”

सुभेदार कडाडले, “एका जवानाला दोन नावं? हजेरीला दोन येळा ‘हाजिर’ म्हणनार काय त्यो? एक पोरगं, एक नाव, आन ते अक्षरावरनंच!”

इथं खरी पंचाईत सुरू झाली. कारण नाव आधीच ठरलेलं होतं. म्हणजे आत्यानं ठरवलं होतं.

आत्या म्हणजे मानसिंगची थोरली बहीण, बनुबाई. सांगलीला हळदीच्या पेठेत दिलेली. हिच्या पदराला हळदीचा वास आणि आवाज असा, की सांगलीत हाक मारली तर कृष्णेपलीकडची म्हैस वळून बघेल. प्रियदर्शनीच्या बारशाला तिची एसटी वाटेत बंद पडली होती. इकडं मुहूर्त टळतो म्हणून कुणीतरी दुसऱ्याच बाईनं कानात नाव सांगून टाकलं. बनुबाई पोचली तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. त्यानंतर किती दिवाळ्या ती माहेरी आली नाही ते मला सांगता येत नाही. माझी मोजणी आठाला थांबते.

या खेपेला ती चांगली आधीच आली. येताना दुपटं घेऊन आली. त्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं होतं : शिवतेज. गरोदरपणाची बातमी लागल्यापासून भरत होती. मुलगी झाली असती तर काय, असं कुणी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

“ड?” दुपटं मांडीवर घेऊन ती म्हणाली. “आन ह्येचं काय करू मी? पायपुसणं?”

तेवढ्यात फटफटीवरून मामा आला. विजयमालेचा भाऊ सिद्धू. माहेर मलकापूर, नोकरी अमेरिकेत, कॉम्प्युटरची. सुट्टीवर आलेला. अर्धी चड्डी, हातात पाण्याची बाटली, आणि विहिरीचं पाणी बघून घाबरलेला चेहरा.

“ड वरून?” तो म्हणाला. “अहो, तिकडं ड वरून हवी तेवढी नावं आहेत! आणि प्रत्येकाला अर्थ आहे. पुढं पोराला मी तिकडंच नेणार आहे, तेव्हा नाव आत्ताच तिकडचं ठेवू.”

सुभेदार खुर्चीत ताठ झाले. जणू भरती सुरू झाली. “बोल. एकेक उमेदवार हिकडं धाड.”

“डेव्हिड. म्हणजे लाडका.”

“आधीच रडतंय. आनि लाडका म्हटल्यावर उसात पाय ठेवंल का? पुढचा.”

“डोनाल्ड. जगाचा राजा.”

“जगाचा राजा!” बनुबाई हसली. “आन पाटाच्या पाण्याची पाळी रातची.”

“डीन. म्हणजे दरी.”

“पोराला दरी म्हणायचं?” विजयमाला आतून म्हणाली. “दादा, तू मामा हायस का कोण?”

“बरं, डेनिस. हा जरा देवाधर्माचा आहे. जुन्या काळचा तिकडचा एक देव होता, द्राक्षाचा. त्याचा भक्त.”

“द्राक्षाचा कसा देव?”

सिद्धू जरा घुटमळला. “म्हणजे... दारूचा.”

शेजारचे आप्पासो उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी हळूच टोपी सारखी केली. बनुबाई म्हणाली, “मग गावात नाव न ठेवताच लय डेनिस हायत की. का वं, आप्पासो?”

“डग्लस,” सिद्धू घाईनं म्हणाला. “म्हणजे काळं पाणी. काळा ओढा.”

“डग्लस!” बनुबाईनं हात ओवाळले. “आवं डग्लस! इकडं या, डग्लस! अशी हाक ओढ्याला मारा, पोराला नगं!”

हे मात्र माझ्या कानात रुतलं. ‘डग्लस’. चोचीत धरून बघा, कसं कडक वाजतं! हरभऱ्याचा घाटा फुटावा तसं. ‘डेव्हिड’मध्ये काय आहे? पिकलं केळं.

शेवटी सिद्धू म्हणाला, “डॅनियल. देव माझा न्यायाधीश.”

मानसिंगनं मान वर केली. “न्यायाधीश? बांधाची केस कोरेगावच्या कोर्टात पडून हाय. घरातलाच न्यायाधीश झाला तर बरंच की.”

सुभेदारांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “डॅनियल! भरती!”

“डॅन्या,” प्रियदर्शनीनं पाळण्याजवळ जाऊन हाक मारली. झालं. आख्खी सकाळ घालवून माणसं नाव जोडतात, आणि पहिल्याच हाकेला मोडतात.

बनुबाईनं दुपट्याची घडी घातली. मग बापाला म्हणाली, “आबा, नाव मामानं आणायचं आन कान तेवढा आत्यानं फुंकायचा. न्हवं का? आयका मग. बारशाला नाव माझ्याच आवाजात, माझ्या मनचं पडलं तर पडलं. न्हाईतर ह्या उंबऱ्याला माझा पाय परत लागायचा न्हाई. मानसिंगा, तूबी आयकून ठेव.”

मानसिंग कात्रीत सापडला. बहिणीचं ऐकावं तर बाप रुसतो, बापाचं ऐकावं तर बहीण. तो ऊस बघायला निघून गेला. हा माणूस अडचणीत आला की ऊस बघायला जातो. आमच्या उसाइतका बघितलेला ऊस जिल्ह्यात नसेल.

दुपारी बनुबाई माझ्या पिंजऱ्याखाली आली. हातात हिरवी मिरची.

“राघ्या, म्हण, शिवतेज. म्हण की रं. भर बारशात तू म्हणलास तर देवाचा कौल म्हणतील समदी.”

मी मिरची खाल्ली आणि कुकरची शिट्टी वाजवली.

“मेल्या,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “नगं म्हणू. कानात काय सांगायचं ते माझं मी सांगते. कान तर माझ्याच तोंडाशी येनार हाय.”

संध्याकाळी सिद्धू आला. हातात अमेरिकेचे बदाम. “राघू, से डॅनियल. डॅ-नि-यल.” मी बदाम खाल्ले आणि टेलिफोनची घंटा वाजवली. तो आत पळाला.

बारशाच्या दिवशी पाळण्याला झेंडू लागला. घुगऱ्यांचं पातेलं शिजलं. सिद्धू कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढला. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर ऐका. आत्या बाळाच्या कानाशी वाकते, ‘कुर्र’ करते, नाव सांगते. आणि नाव ऐकू आलं रे आलं, की मागच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. गुद्दे पडले की नाव पक्कं. मागं कोण उभी होती? सुलाबाई. जिच्याकडून मिरची कांडून घ्यायला अख्खी आळी येते ती.

बनुबाई वाकली. सोपा चिडीचूप झाला. खाली सुभेदार ‘डॅनियल’ ऐकायला मिशा पिळत होते. मी वरून बघत होतो, आणि बाईच्या ओठांवर काय होतं ते फक्त मला दिसत होतं. ‘शि’ होता. आता स्फोट होणार. बाप उठणार, बहीण पिशवी उचलणार, मानसिंग ऊस बघायला जाणार.

“कुर्र...” बनुबाई म्हणाली.

मी दोघांचं खाल्लं होतं. मिरची हिची, बदाम त्याचे. एकाचंच नाव घेणं काही बरं दिसलं नसतं. आणि अशी शांतता मला शाळेपासून सोसत नाही.

“डग्लस!” मी ओरडलो. “आवं डग्लस!”

हुबेहूब बनुबाईच्या आवाजात.

सुलाबाईनं वाट बघितली नाही. धप्प! धप्प! धप्प! मागच्या बायकांनीही हात धुऊन घेतले. बनुबाई पाळण्यावर ओणवी, “आगं मी न्हाई! आगं मी न्हवं ती!” पण नाव पडलं होतं, गुद्दे बसले होते, आणि आश्चर्य म्हणजे पोरगं रडायचं थांबून माझ्याकडं बघत होतं.

“डग्लस?” सिद्धू खुर्चीवरून म्हणाला. “अहो, काळा ओढा अर्थ आहे! परत घ्या, परत!”

सुभेदार उभे राहिले. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी एकदा पिंजऱ्याकडं बघितलं, एकदा पाळण्याकडं.

“पाणी हाय न्हवं नावात?” ते म्हणाले. “काळं आसंना. ह्या तालुक्यात पाण्याला कोण न्हाई म्हणतंय? गुद्दे पडल्यात. झालं. हुकूम माघारी घ्यायची आपल्यात पद्धत न्हाई.”

पण बनुबाई पाठीला हात लावून सरळ झाली आणि कोपऱ्यातल्या पिशवीकडं चालली. कुणी घुगऱ्यांना हात लावेना. मानसिंगची नजर दाराकडं, उसाकडं गेली.

विजयमाला बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, “आवं आक्का, तुमीच म्हणला हुता न्हवं, नाव तुमच्या आवाजात पडलं पायजे म्हणून? मग कुणाच्या आवाजात पडलं?”

बनुबाई थांबली. “माझा आवाज आसला फाटका हाय व्हय गं?”

“व्हय!” अख्खा सोपा एका दमात म्हणाला. आप्पासोसुद्धा.

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडते. मग पदरातून हसू फुटलं, आणि पाठ धरून धरून ती खालीच बसली. पिशवीतून दुपटं काढलं आणि पोराला गुंडाळलं, लाल ‘शिवतेज’ बरोबर पोटावर.

“आक्का, नाव वेगळं...” मानसिंग म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. थंडीला कुठं वाचता येतंय?”

पोरगं आता बालवाडीत जातं. गाव त्याला डग्या म्हणतो. मागच्या सुट्टीत सिद्धू आला तेव्हा म्हणाला, अमेरिकेत आता हे नाव म्हाताऱ्यांचंच उरलंय. म्हणजे आमचा डग्या तिकडं गेला तर जन्मापासूनच पेन्शनर.

मीही म्हातारा झालोय. चोच झिजली, शेपटाची पिसं विरळ झाली. पिंजऱ्याचं दार केव्हाच मोडलंय, कुणी दुरुस्त करत नाही, आणि मी जात नाही. ढोलीत गेलो तर खोडी कुणाची काढू? तेव्हा मला मुक्त करा वगैरे गाऱ्हाणं मी मांडणार नाही. माझी मागणी साधी आहे. बारशाला जो नाव ठेवतो त्याला मानाची साडी असते. ती त्या दिवशी बनुबाईनं नेसली. नाव मी ठेवलं.

बनुबाई आता दर सणाला येते. कालही आली, पदराला हळदीचा वास, हातात माझी मिरची. मी तिच्याच आवाजात तिला विचारलं, “आवं, माझी साडी?”

“देते की रं, मेल्या,” ती बाह्या सारत म्हणाली. “पर आदी पाठ कर हिकडं. तुझं गुद्दं ऱ्हायल्यात.”