मागून येतेय

सायकलवरून लांबलांब भटकणाऱ्या माणसांच्या आपापल्या खोडी असतात. चष्मेवाल्याच्या घरातली खोड अशी, की तो पुढे, बायको मागे, आणि वाटेत खड्डा आला की त्याने ओरडायचं, "खड्डाऽ!" तिने तो चुकवला की मागून ओरडायचं, "गेला!" ते "गेला" कानावर पडेपर्यंत हा गडी पायडल मारायचा नाही. बाईंच्या चष्म्याचा नंबर जबरदस्त. तो नंबर ह्यानेच काढला होता, चष्मा ह्यानेच करून दिला होता आणि लग्नही त्याच दुकानातल्या काचेच्या कपाटाशेजारी ठरलं होतं. तेव्हा रस्ता बघायचं काम ह्याच्याकडे, हे ओघानेच आलं.

एकदा एका गावात ओळीने खड्डे लागले. तिचं "गेला! गेला! गेला!" ऐकून ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळहळत विचारलं, "अरेरे! कोण गेला हो?" दोघं पुढच्या वळणापर्यंत कशीबशी गेली आणि सायकली गवतात टाकून पोट धरून हसली.

यंदा मात्र मुकादम घरी होती. मुकादम म्हणजे बायकोच. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे दुसऱ्याची चूक तिला बसल्या जागेवरून दिसायची आणि ती दाखवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिच्या गुडघ्याने दगा दिला होता. डॉक्टरांनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी हात टेकले. चाला, फिरा, पण सायकल विसरा, असं त्यांनी सांगून टाकलं.

"तुम्ही जाऊन या," आदल्या दिवशी ती म्हणाली होती. "तळ्यांचा अख्खा फेरा मारा."

"एकटा?"

"एकटे नाही तर काय वरात काढणार? पाय तुमचे धड आहेत ना? आणि हे बघा, माझी सायकल भिंतीला टांगून मी रोज तिचं तोंड बघत बसणार नाही. खालच्या नर्सबाईंना सांगितलंय, उद्या आमचे हे फेऱ्याला जाऊन येतील, परवा सकाळी घेऊन जा म्हणून. तुम्ही संध्याकाळी येऊन मला एवढंच सांगा, की एकट्याने मजा आली. म्हणजे माझ्या जिवाचा घोर मिटला."

देऊ नकोस, एवढंच त्याला म्हणायचं होतं. दोन शब्द! पण म्हणणार कोणत्या तोंडाने? जे तिला आता जमायचं नाही ते रोज डोळ्यांसमोर ठेव, असं सांगण्यासारखंच ते झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि चाकात हवा भरायला गेला. हवा आधीच भरलेली होती.

सकाळी तो निघाला तेव्हा तळ्यांवर धुकं होतं. पहिलं तळं लांबलचक, कडेने बांध आणि बांधावरून रस्ता. एका बाजूला लव्हाळी, दुसऱ्या बाजूला ओली शेतं. फाटकापुढचा तो जुना खड्डा आला आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "खड्डाऽ!"

पाय थांबले. कान मागे लागले. सायकल हळू झाली, डुलली, आणि तो पडता पडता वाचला. बांधावर जाळं झटकणाऱ्या कोळ्याने मान वर करून बघितलं. त्याच्या मागे कोणी नव्हतं हे कोळ्याला दिसत होतं आणि कोळ्याला दिसतंय हे ह्याला दिसत होतं.

"काय राव," तो स्वतःशीच पुटपुटला, "शोभतं का ह्या वयात?"

मग त्याने तोंड मिटून घेतलं. गप्प राहून सायकल चालवणं किती कठीण असतं ते त्याला त्या सकाळी कळलं. धुकं वर गेलं, पाणी उघडं पडलं, लव्हाळ्यांतून बगळा उठला, आणि प्रत्येक वेळी जिभेवर "बघितलंस का?" येऊन परत जात होतं. असं सुंदर काही दिसलं की त्याला रागच येऊ लागला. एकट्याने बघायचं म्हणजे अर्धंच दिसल्यासारखं वाटत होतं. पंपघर आलं, लाकडी धक्का आला, पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या आल्या. सगळं जागच्या जागी होतं आणि तिची आठवण इतकी येत होती की छातीत खरोखर दुखत होतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं, ती घरी खुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल शाईने गोल करत असणार. तरी त्याला ती हवी होती. इथे, पाठीमागे, चार हातांवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्याच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर चहाची टपरी होती. चहावाली दोघांना पुरती ओळखून होती.

"या या! आणि ताई कुठायत?"

आता इथे माणसाने सरळ सांगावं ना, की गुडघा गेला, घरी आहे. पण चष्मेवाल्याने रस्त्याकडे हात केला आणि म्हणाला, "मागून येतेय."

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. चहावालीने मात्र मोठ्या खुशीत दोन पेले भरले, ताईंच्यात साखर कमी हे आठवणीने सांगितलं, आणि दोन्ही पेले त्याच्यापुढे ठेवले. बसला बिचारा. स्वतःचा चहा संपवला. दुसऱ्या पेल्यावर साय धरली. चहावाली अधूनमधून रस्त्याकडे बघायची आणि तिच्याबरोबर हाही बघायचा. खोटं ह्यानेच सांगितलेलं, तरी बघायचा! आणि वळणावर एक सायकल दिसली तेव्हा तर त्याच्या काळजाचा ठोकाच चुकला. तो दूधवाला होता.

"हळू चालवतायत वाटतं आज," चहावाली म्हणाली.

"हो. तिला काय, वाटेत दिसेल ते बघत बसायची सवय." त्याने तो गार, कमी साखरेचा चहा एका दमात संपवला. "मी होतो पुढे."

टपरी नजरेआड झाली आणि त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं. कसली लाज आणि कसलं काय! खड्डा आला, तो ओरडला. खडी आली, ओरडला. वाटेत कोणाच्या तरी पाळीव हंसांचा कळप रस्ता अडवून बसला होता, "हंऽस! ब्रेक लावून ये!" उतारावर ती नेहमी पाय वर घेऊन त्याच्या पुढे निघून जायची, भलतंच बेसूर गात. तिथे त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली. हो, दिली! रिकामा उतार सरसर खाली गेला आणि तो कडेला उभा राहून "जपून गं!" म्हणून ओरडला. मग डोळे पुसले. वारं फार होतं, हे त्याचं म्हणणं.

परतीची वाट सगळी वाऱ्याच्या तोंडावर होती. उन्हं कलली, शेवटच्या तळ्याचं पाणी तांबूस झालं. वाऱ्यापुढे ऐकू जायला आणखी मोठ्याने ओरडावं लागत होतं आणि तो ओरडत होता. बाटलीतलं पाणी कधीच संपलं होतं. एकीकडे तो घरी सांगायचं वाक्य घोटत होता. मजा आली, एकट्याने छान जमलं. ते खणखणीत म्हणायचं, तिच्या डोळ्यांत बघून. तिचा घोर मिटला की झालं. सायकल जाते तर जाऊ दे.

दारातच तिची सायकल दिसली. भिंतीवरून उतरवलेली, स्वच्छ पुसलेली, साखळीला तेल दिलेलं. मुकादम स्वयंपाकघरात बसली होती, पाय स्टुलावर, लाल पेन कानामागे.

"आलात? बोला. कसं झालं?"

त्याने ताठ उभं राहून तोंड उघडलं. खरखर झाली. त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला.

"मजा..." असं काहीतरी फाटक्या आवाजात आलं. पुढचं आलंच नाही. घसा पार बसला होता.

तिने चष्मा वर सरकवला. "घशाला काय झालं?"

"वारं," तो कुजबुजला.

"वाऱ्याने घसा बसतो होय? एकटा माणूस दिवसभर सायकल चालवतो तेव्हा त्याचा घसा सगळ्यात ताजा असायला हवा. कोणाशी बोलत होतात?"

तिने त्याच्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि मुद्रितातली चूक सापडल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला; फक्त ह्या वेळी तिला ती सापडायला नको होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "सगळे खड्डे?"

त्याने मान हलवली. "खडीसुद्धा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि हंस. आणि चहावालीला सांगितलं, तू मागून येतेयस."

"काय बाई तरी माणूस!" तिने कानामागचं पेन काढलं, परत खोचलं. "बिचारी वाट बघत बसली असेल की."

"बसली होती. मीही बसलो होतो."

मुकादमने तोंड खिडकीकडे केलं. मग तिने टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि खालच्या नर्सबाईंना सांगितलं, की माफ करा हं, सायकल द्यायची नाही, यजमानांना ती भिंतीवरच लागते, त्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

फोन ठेवून तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"प्या. आणि बसा इथे, पाठ करून. माझ्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघा. फाटकापासून सगळा फेरा हवाय मला, एकही गाळायचा नाही. निघा, मी मागून येतेय."

तो खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसला. समोर स्वयंपाकघराची भिंत होती.

"खड्डा," तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, आणि थांबला.

"गेला," ती मागून म्हणाली.