जमिनीलगतचा पलंग

वसुधाला जपानी पद्धतीचा बुटका पलंग हवा होता. चेंबूरच्या माहेरी सगळ्या बहिणी जमिनीवर ओळीनं झोपायच्या. तेव्हा लागायची तशी झोप तिला उंच पलंगावर पुन्हा कधी लागलीच नाही.

घाटकोपरच्या दुकानात तसा पलंग दिसला. तिचा नवरा नंदकिशोर त्यावरच्या काथ्याच्या गादीवर आडवा झाला. "झकास आहे गं," म्हणाला आणि पडूनच राहिला. मग दुकानाच्या छताचं कौतुक केलं, पंख्याचं केलं.

वसुधाच्या ध्यानात आलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला खालून उठता येत नव्हतं, आणि विक्रेत्यासमोर तो ते कबूल करणार नव्हता.

"नकोच हा," ती विक्रेत्याला म्हणाली. "खाली बॉक्स नाही. गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या काय डोक्यावर ठेवू?"

"माळ्यावर ठेव," नंदकिशोर पडल्यापडल्या म्हणाला. "बॉक्सचं निमित्त नको. हाच घ्यायचा."

"अहो, पण रोज सकाळी उठणार कसे?"

"आत्ता उठतोय तसा." त्यानं हात वर केला. "ओढ."

तिनं पर्स विक्रेत्याच्या हाती दिली, ओढणी कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी त्याला ओढलं.