कोपऱ्यातलं अक्षर

मित्रांनो, मला जुना म्हणा, सुरकुतलेला म्हणा, हवं तर आजोबा म्हणा. फक्त रद्दी म्हणू नका. तो शब्द कानावर पडला की माझ्या पिना सैल होतात.

मी चित्रकथेचा एक अंक. बत्तीस पानं, दोन पिना आणि एक रंगीत मुखपृष्ठ, एवढाच माझा संसार. मुखपृष्ठावर वादळात सापडलेलं एक भलंमोठं बलून आहे आणि त्याच्या टोपलीत एक मुलगी उभी आहे. केस उडताहेत, दोर तुटत आलाय, पण बाईसाहेब हसताहेत! वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र काहीच नाही. नुसतं पिवळं आकाश. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं, ते त्या रिकाम्या कोपऱ्यात घडलं.

छापखान्यातून मी भावंडांबरोबर एका बसथांब्याजवळच्या टपरीत आलो. टपरीवाला पेपर आणि मासिकं विकायचा. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूसही दचकून खिशात हात घालायचा. दुपारपर्यंत माझी बहुतेक भावंडं विकली गेली. मला मात्र त्याने बाजूला काढलं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, कानामागची पेन्सिल घेतली आणि त्या पिवळ्या आकाशात लिहिलं, 'ठमीचा. विकायचा नाही.'

लिहिलं कसलं, कोरलंच म्हणा ना! त्याला दाबून लिहायची सवय होती आणि खालचा गठ्ठा मऊ होता. अक्षरं माझ्या कागदात रुतून बसली. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? पण ऊरही भरून आला. आम्ही जन्मतोच विकले जायला. 'विकायचा नाही' असं कुणी म्हणावं, हे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येतं?

ठमी म्हणजे त्याची मुलगी. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेत चालायचं. तिने मला इतक्यांदा वाचलं, की बलूनवाली काय बोलणार हे ती पान उलटायच्या आधीच ओरडून सांगायची. खाता खाता वाचायची. मग हात पुसायचे फ्रॉकला, आणि फ्रॉक मळला म्हणून ओरडा बसला, की मला. मला धरायची ती नेहमी त्याच डाव्या कोपऱ्यात. अंगठ्याचा मळ बसून बसून तो कोपरा तपकिरी झाला आणि बाबांचं अक्षर त्याखाली दिसेनासं झालं. पण ते तिथे आहे हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

पुढे टपरी गेली, टपरीवाला गेला, घरं बदलली. त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं विकलं. स्वतः लिहिलेलं असं मागे काहीच ठेवलं नाही. एक माझा कोपरा तेवढा उरला. ठमीने मला साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं. तिथे माझ्या पाठीला पोक आलं, पानांना लाटा आल्या. वर्षानुवर्षं अंधारात पडून राहणं काय असतं, ते पेटीतल्यालाच कळतं.

आणि एके दिवशी झाकण उघडलं. ठमी नव्हे, ठमीचा मुलगा होता. चांगला बाप्या माणूस, पण पाऊल चोराचं. बलूनवालीचे चित्रकार गावात सह्या द्यायला येणार असल्याचं त्याने वाचलं होतं. आईच्या सत्तरीला मला नवाकोरा करून, सही घेऊन, पारख्यांकडून गुण लावून तिच्या हातात द्यायचं, असा त्याचा बेत होता. हे पारखी म्हणजे जुने अंक तपासणारे लोक. ते दहापैकी गुण देतात आणि अंकाला पारदर्शक कडक पेटीत कायमचं बंद करून टाकतात.

त्याने मला आणलं इस्त्रीवाल्या काकूंकडे.

मित्रांनो, या बाईंबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप नरम होतो. अंकांच्या सुरकुत्या काढणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना इस्त्रीवाल्या काकू म्हणत. त्यांना ते आवडायचं नाही. "इस्त्री शर्टाला करतात. मी यांना बरं करते," असं त्या ठणकावून सांगायच्या. त्यांची एक खोली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मान वळवता येणारा दिवा, आणि कोपऱ्यात दोन सपाट लोखंडी पाट्यांचा प्रेस. मला उचलण्याआधी त्यांनी हात धुतले, पुसले, वाऱ्यावर वाळवले. मग दोन्ही तळव्यांवर मला असं घेतलं, की माझी एकही पीन कुरकुरली नाही. इतक्या वर्षांत मला असं कुणी उचललं नव्हतं!

"कधी सही घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"मग आधी साफ करू, मग दाबू, मग सही. सहीनंतर प्रेसमध्ये घातलं, तर शाई पसरायची. लोक नेमकं उलटं करतात आणि मग माझ्याकडे रडत येतात."

मुलगा गेला आणि काकू कामाला बसल्या. एरवी त्या आधी दिवा आडवा करून अंक नीट न्याहाळत. पण तो तपकिरी कोपरा दिसला आणि त्यांचे हात शिवशिवले. मळ दिसला की हात शिवशिवणार, हे त्यांच्या धंद्यातलं दुखणंच आहे. मऊ खोडरबराचा भुगा त्यांनी कोपऱ्यावर पसरला आणि बोटांनी गोल गोल फिरवू लागल्या.

मळ निघाला. मळाबरोबर पेन्सिलही निघाली.

मी काय करणार? माझ्यात बोलणारी माणसं पानोपानी आहेत, पण सगळ्यांचं बोलणं आधीच छापलेलं. 'थांबा' एवढा एक शब्द त्यांच्यात मिळेना. कोपरा पहिल्या दिवसासारखा पिवळाधमक झाला. काकू खूश होऊन गुणगुणू लागल्या, आणि इकडे माझं सगळं संपलं.

मग प्रेसमध्ये घालण्याआधी त्यांनी दिवा खाली ओढला आणि उजेड माझ्यावर आडवा पाडला.

"अगं बाई!"

कोपऱ्यात सावल्या उभ्या राहिल्या होत्या. शिसं गेलं होतं, पण अक्षरांचे वळ कागदात तसेच होते. काकूंनी ते वाचले. एकदा वाचले, मान तिरकी करून पुन्हा वाचले. मग फोन उचलला.

"तुमच्याकडे ठमी कोण?"

पलीकडून मुलगा म्हणाला, "आईला म्हणायचे लहानपणी. का हो?"

"आईंना घेऊन या. आत्ता."

ठमी आली. केस पांढरे, गुडघे दुखरे, पण जीभ तीच. मुलाने वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण ती आली तीच लालबुंद होऊन.

"आई, तुला आनंद द्यायचा होता गं..."

"दिलास हो. पोटभर दिलास."

काकूंनी सारवासारव केली नाही. "ताई, पुसलं मी. त्याला बोलू नका. आधी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही."

ठमीने कोपरा पाहिला. स्वच्छ, रिकामा. "एवढंच होतं हो बाबांचं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बलून कोसळतं त्या पानावरसुद्धा ती रडली नव्हती.

काकूंनी दिवा आडवा केला. ठमी वाकली. मग तिने पदराला बोट पुसलं, डोळे मिटले आणि त्या वळांवरून ते सावकाश फिरवलं. "दाबून लिहायचे," एवढंच ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

पण आगीतून निघून फुफाट्यात पडायचं बाकी होतं. माझं पोक आणि लाटा घालवायच्या तर प्रेस हवा. आणि प्रेसचं कामच मुळी वळ घालवण्याचं! एकदा का पाट्या मिटल्या, की अक्षर कायमचं सपाट.

"नका दाबू मग," मुलगा म्हणाला.

"नाही दाबलं तर पाठीच्या घडीत कागद तुटत चाललाय. दोन-चार वर्षांत मुखपृष्ठच सुटेल," काकू म्हणाल्या. "दोन दिवस द्या मला."

त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं, त्यासाठी मी त्यांना शंभर नमस्कार घालीन. माझ्यावर नि खाली जे गुळगुळीत कागद आणि पुठ्ठे घालायचे, त्या प्रत्येकात त्यांनी कोपऱ्याएवढी खिडकी कापली. म्हणजे दाब सगळीकडे पडेल, खिडकीत पडणार नाही. आधी त्यांनी स्वतःकडच्या एका फाटक्या अंकावर करून पाहिलं. खिडकीच्या कडेची चौकट त्यावर उमटली. "छ्या!" मग त्यांनी प्रत्येक कागदाची खिडकी आधीच्याहून जराशी मोठी कापली, कडा घासून मऊ केल्या. पुन्हा एक फाटका अंक, पुन्हा "छ्या!", पुन्हा कात्री. जेवण निवलं, चहावर साय आली. शेवटी एक अंक बाहेर आला, त्यांनी तो दिव्याखाली धरला. या वेळी 'छ्या' नाही. नुसतं मला उचललं.

प्रेसमध्ये ऊब होती आणि वजन होतं. माझं पोक हळूहळू उतरलं, लाटा निवल्या. म्हातारपणी कुणी अंग चेपून द्यावं, तसं सुख! बाहेर आलो तो ताठ. काकूंनी दिवा आडवा केला. 'ठमीचा. विकायचा नाही.' एक वेलांटी हलली नव्हती. काकू खुर्चीत बसल्या आणि पोरीसारख्या हसत सुटल्या.

रविवारी सहीच्या रांगेत ठमी स्वतः उभी राहिली. मी पारदर्शक पिशवीत होतो आणि सही हवी तिथे, टोपलीच्या खाली, पिशवीला खिडकी कापली होती. पारख्यांकडची एक मुलगी टेबलाशी साक्षीला उभी होती. सही डोळ्यांदेखत झाली तरच खरी, असा त्यांचा नियम.

चित्रकार खूप म्हातारे झाले होते. त्यांनी मला हातात घेतलं, चष्म्यावर चमक येते म्हणून जरा तिरकं धरलं आणि थबकले.

"कुणाचं हो हे अक्षर?"

"माझ्या बाबांचं. टपरी होती आमची. पेन्सिल पुसली गेली, वळ राहिलेत."

त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. "इतकी मुखपृष्ठं काढली मी. त्यातल्या एकावरही मला असं लिहावंसं वाटलं नाही." मग पेन उघडून म्हणाले, "मी गिरवून देऊ का? पुन्हा ठळक दिसेल."

रांगेतले लोक माना उंचावून पाहू लागले. अशी संधी कोण सोडेल? मुलगा तर "हो, हो" म्हणत पुढेच सरकला.

"नको," ठमी म्हणाली. "तुमचा हात मोठा आहे, रागावू नका. पण तुम्ही गिरवलंत, तर ते अक्षर तुमचं होईल."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि टोपलीखाली खिडकीत सही केली. रेघ अजून भक्कम होती. निर्मात्याची सही अंगावर मिरवायची म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू?

मुलाने ठरल्याप्रमाणे मला पारख्यांकडे धाडलं आणि तिथून मी परत आलो तो काकूंच्याच खोलीवर. चकचकीत कडक पेटीत, वर आकडा : साडेसहा. खाली बारीक अक्षरात दोष लिहिले होते. पाठीची घडी. आणि 'वरच्या डाव्या कोपऱ्यात दाबाचे वळ.'

"बघा! त्याचेच गुण कापले," मुलगा हळहळला.

"शाळेतही कापायचे म्हणे त्यांचे अक्षराचे गुण," ठमी म्हणाली आणि खो खो हसली. मग तिने पेटी खिडकीशी नेली, तिरकी केली. अक्षर दिसलं. तिने बोट पुढे केलं. ते प्लास्टिकवरून घसरलं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा घसरलं. मी आत, ती बाहेर, आणि मध्ये बोटभर जाडीची भिंत.

"बाई, हे फोडा," ती काकूंना म्हणाली.

"आई! गुण जातील. सहीचा दाखलाही जाईल!"

"सही केली तेव्हा मी समोर उभी होते. मला कशाला हवा दाखला?"

मुलगा काकूंकडे बघायला लागला. या पेटीत माझ्यासारख्यांना बसवण्यासाठीच तर काकू जन्मभर राबल्या होत्या. त्यांनी क्षणभर तो साडेसहाचा आकडा पाहिला. मग उठल्या, हात धुतले, पुसले, वाऱ्यावर वाळवले, आणि पेटीच्या कडेत पटाशी घालून पिळली. कडकन आवाज झाला. त्यांनी मला दोन्ही तळव्यांवर उचलून टेबलावर ठेवलं, दिवा मुद्दाम विझवला आणि बाजूला झाल्या.

ठमीने डोळे मिटले. तिचं बोट 'ठ'च्या गोलावरून गेलं, वेलांटीवर चढलं, टिंबापाशी थांबलं. "बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, ओल्या जागी ठेवू नका, पानांचे कान मुडपू नका. पण आम्हाला जपायचं म्हणून लांबही ठेवू नका. हात स्वच्छ धुवा, कोरडे पुसा, आणि मग खुशाल हात लावा.